उद्यमनगरात घडवलेला टार्गेट लोडिंग संच: लेझर आयन सोर्सवर लावून केलेलं परीक्षण

लेझर आयन सोर्स म्हणजे निर्वात चेंबरमधल्या चकतीवर, म्हणजे टार्गेटवर, लेझर मारून प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) उडवायचा आणि त्यातून आयनांचा झोत, म्हणजे बीम, काढायचा. हे नाव घेतलं की सगळ्यांचं लक्ष लेझरकडे जातं. बीम मात्र बहुतेक वेळा बिघडतो तो टार्गेट बसवताना. वीस मिलिमीटरची चकती खोबणीत किंचित तिरकी बसली, तिच्यामागे हवा अडकली किंवा तिच्यावर बोटाचा ठसा राहिला, की पुढचे दोन दिवस स्पेक्ट्रममध्ये सोडियम आणि पाणी मोजण्यात जातात. म्हणून टार्गेट आत सोडणारा संच ही काटकसर करायची जागा नव्हे. हा संच कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या मशीन शॉपमधून चांगला करून मिळतो का, एवढाच इथला प्रश्न आहे. उत्तर ‘हो’ असं आहे, पण ड्रॉइंगवर चार गोष्टी जास्तीच्या लिहाव्या लागतात. शॉपचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. ज्या गोष्टी राहून गेल्या त्या एका शॉपच्या नाहीत. इंजिन आणि पंपाचे सुटे भाग करणाऱ्या कुठल्याही शॉपमध्ये त्याच राहतील.

आधी संच काय आहे ते. ३०४एल स्टेनलेसची १२० बाय ३० बाय ६ मिमीची पट्टी, तिच्यात २० मिमीच्या चकत्यांसाठी चार खण. खण मागून कोरलेले, पुढे १ मिमी जाडीचा काठ आणि त्याला १६ मिमीचं तोंड. चकती मागून टाकायची, तिच्यावर वेव्ह स्प्रिंग, वर टोपी, टोपीला तीन एम३ स्क्रू. ही पट्टी पकडणारा दोन बोटांचा फोर्क. आणि लोड-लॉक, म्हणजे मुख्य चेंबरमध्ये हवा न सोडता टार्गेट आतबाहेर करायची छोटी खोली: आतून १०० मिमी व्यासाचा, १५० मिमी लांबीचा नळकांडा, म्हणजे जेमतेम १.२ लीटर आकारमान. एका बाजूला ओ-रिंगचं दार, दुसऱ्या बाजूला गेट व्हॉल्व्ह, वर नायट्रोजनचा आणि पंपाचा पोर्ट. गेट व्हॉल्व्ह, चुंबकी ट्रान्सफर रॉड आणि सीएफ फ्लँज (व्हॅक्यूमची जोडणी) तयार घेतलेले. सीएफची धार साध्या लेथवर काढून घ्यायच्या भानगडीत पडू नये. तांब्याच्या गॅस्केटमध्ये ती धार रुततानाच सील होते, आणि तिथे पाव मिलिमीटरची चूकही चालत नाही. बाकी सगळं उद्यमनगरातलं.

चकती मागून का टाकायची, ते आधी सांगायला हवं, कारण या संचाची किंमत त्या एका निर्णयात आहे. सोन्याचा पत्रा ०.१ मिमी, ग्रॅफाइटची चकती २ मिमी. खणाचा तळ हीच बैठक धरली, तर प्रत्येक टार्गेटचा पृष्ठभाग वेगळ्या पातळीवर येतो. लेझर ३० अंशांतून येत असेल, तर पृष्ठभाग २ मिमी मागेपुढे झाल्यावर ठिपका १.१५ मिमी बाजूला सरकतो. पुढच्या काठाच्या आतल्या बाजूलाच बैठक दिली आणि मागून स्प्रिंगने दाबलं, की जाडी कितीही असो, पृष्ठभाग तिथेच येतो.

पण खरी गोष्ट कोनाची आहे. प्लाझ्मा लेझरच्या दिशेने परत येत नाही. तो टार्गेटच्या पृष्ठभागाला काटकोनात उडतो. पृष्ठभाग एक अंश कलला, की एक मीटर ड्रिफ्टनंतर, म्हणजे प्लाझ्माच्या मोकळ्या प्रवासानंतर, त्याचा मध्य साडेसतरा मिलिमीटर सरकलेला असतो. एक्स्ट्रॅक्शनचं, म्हणजे आयन ओढून घेण्याचं, भोक १५ मिमीचं असेल, तर मध्यच भोकाबाहेर गेला. उलट, पृष्ठभाग सरळ राखून एक मिलिमीटर मागे गेला, तर फारसं काही बिघडत नाही: प्रवाहाची घनता अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात पडते, म्हणजे हजारात एक अंतर बदललं की हजारात तीन फरक. खोली थोडी चुकली तर चालेल, कोन चुकून चालत नाही.

आणि इथे शॉपने जीव ओतून काम केलंय. चारही बैठका एकाच सेटिंगमध्ये काढलेल्या. डायल लावून बघितलं तर बैठकीच्या २० मिमी व्यासात सुई दोन शतांशांच्या पुढे हलत नाही. शून्य दशांश शून्य दोन भागिले वीस, म्हणजे एक मिलिरेडियन. मीटरभरावर प्लाझ्मा एक मिलिमीटर सरकेल, बास. कोपऱ्यात टूलची गोलाई राहिली तर चकतीची कड तिच्यावर चढते आणि चकती तिरकी बसते, म्हणून ड्रॉइंगवर अर्ध्या मिलिमीटरची अंडरकट (कोपऱ्यातली खाच) होती. ती चारही खणांत नीट आहे. ही अंडरकट बघून न बघितल्यासारखी करणारे शॉप पुष्कळ आहेत.

एका खणात मात्र गडबड निघाली. काठाच्या तोंडाला बाहेरून ४५ अंशांचा चॅम्फर (तिरका काप) आहे, तिरक्या लेझरला काठ आड येऊ नये म्हणून. चॅम्फर मारताना धातू आत ढकलला गेला आणि बैठकीवर केसाएवढी बर, म्हणजे धातूची बारीक उभी कड, राहिली. नुसत्या डोळ्याला दिसत नाही. नख काठावरून आतून बाहेर ओढलं तर अडकतं. दहा पट भिंगाखाली तिचा चमकता कंगोरा दिसतो, आणि चकती टाकून वरून एका कडेला टाचणी टेकवली की दुसरी कड उचलते. ०.१ मिमीची बर २० मिमीच्या चकतीखाली म्हणजे पाच मिलिरेडियन, मीटरभरावर ५ मिमी. बीमचा प्रवाह एका टार्गेटवर चांगला आणि शेजारच्या टार्गेटवर निम्मा दिसला, की माणूस लेझरचे आरसे हलवत बसतो. दोष या बरीत असतो. बाराशेच्या पॉलिश पेपरने काढायची नाही, त्याने बैठकीची धार गोल होते. तेलाचा दगड सपाट धरून दोन हात मारायचे आणि तो खण पुन्हा धुवायचा.

स्क्रू, तेल आणि वेल्डिंग

उद्यमनगर ऑइल इंजिनांवर वाढलेलं. तिथल्या हाताला माप कळतं, घट्टपणा कळतो. व्हॅक्यूमच्या खोडी वेगळ्या असतात आणि त्या सांगितल्याशिवाय कळायचं कारण नाही.

पहिली खोड आंधळ्या भोकांची. टोपीचे बारा एम३ स्क्रू ६ मिमीच्या पट्टीत आरपार न जाता मधेच थांबतात. स्क्रूच्या टोकाखाली साधारण १५ घन मिलिमीटर हवा कोंडते. हिशेब करा: ती हवा म्हणजे ०.०१४ मिलिबार-लीटर. आट्यांमधून ती सेकंदाला एक दशलक्षांश मिलिबार-लीटर या वेगाने झिरपली, तर एकेका स्क्रूची हवा संपायला चार तास लागतात, आणि स्क्रू बारा आहेत. गेजवर हे ओळखू येतं: दाब झरझर उतरतो, मग एका जागी रेंगाळतो, मधूनच उसळी मारतो. हेलियमने लीक शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही, कारण गळती बाहेरून आत नाही, आतल्या आत आहे. उपाय ड्रॉइंगवरच करायला हवा: भोकं आरपार काढा. पट्टी आधीच आली असेल, तर प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर लांबीने एक चपटी बाजू घासून घ्या, एवढ्या वाटेने हवा निघते. खणाच्या टोपीलाही मधोमध ३ मिमीचं भोक हवं. या संचात ते होतं. नसतं तर चकतीमागची हवा पंपिंग चालू झाल्यावर चकतीलाच ढकलली असती.

स्क्रू आले होते ते बाजारातले झिंक प्लेटेड. झिंक आणि कॅडमियम या दोघांचाही बाष्पदाब जास्त. थोडं तापलं की ते उडून समोरच्या थंड काचेवर आणि इन्सुलेटरवर बसतात. स्क्रू स्टेनलेसचे, आणि स्टेनलेस स्टेनलेसमध्ये जाम होतं म्हणून चांदीचा मुलामा दिलेले किंवा मोलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी पूड चोळलेले घ्यावेत. फोर्क शॉपने स्वतःहून फॉस्फर ब्राँझचा सुचवला आणि तसाच केला, ही दाद देण्याजोगी गोष्ट. पितळ दिलं असतं तर त्यातलं झिंक आलं असतं, स्टेनलेस दिलं असतं तर पट्टीला चिकटलं असतं. फोर्क पट्टीच्या खाचेत मऊ बसतो, चौदा-पंधरा वेळा आतबाहेर करूनही ओरखडा नाही.

दुसरी खोड तेलाची. सगळे भाग तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून आले. बिडाच्या भागाला गंज चढू नये म्हणून ही काळजी योग्यच, आणि गिऱ्हाइकाचा माल चांगला पोचावा ही त्यामागची माया. पण व्हॅक्यूमच्या भागाला तेच मारक. तेल धुतलं जातं. वर्तमानपत्राची शाई आणि तेल मिळून अंडरकटमध्ये जी काळी लेप बसते ती हट्टी असते. धुण्याचा क्रम असा: साधं भांड्याचं लिक्विड घातलेल्या ५०–६० अंश पाण्यात अल्ट्रासॉनिक १५ मिनिटं, वाहत्या पाण्याखाली, मग डिस्टिल्ड पाण्यात पुन्हा १० मिनिटं, मग अॅसिटोन, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन तास. अॅसिटोनवर थांबू नका, ते वाळताना डाग सोडतं. शेवटी पांढऱ्या लिंट-फ्री कापडावर अल्कोहोल घेऊन खणाच्या कोपऱ्यातून फिरवायचं. कापड राखाडी झालं की पहिल्यापासून. यानंतर भागाला उघडा हात नाही, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजेच. ड्रॉइंगवर एक ओळ टाकली की निम्मं काम वाचतं: ‘तेल लावू नये, बफ करू नये, प्लॅस्टिक पिशवीत द्यावे.’ बफिंगची पेस्ट तर तेलाहून वाईट, ती धातूत रुतून बसते आणि कशाने निघत नाही.

वेल्डिंग मात्र पहिल्या प्रतीचं. आर्गन वेल्डिंग सगळं आतल्या बाजूने, एका सलग धारेत. बाहेरून फक्त आधाराचे टाके, तेही तुटक. दोन्ही बाजूंनी सलग वेल्ड केलं तर मधल्या फटीत हवा कायमची कोंडते, आणि आतला वेल्ड कधी एका ठिकाणी फुटला की ती गळती जन्मभर सापडत नाही. हे शॉपला एकदा चित्र काढून दाखवावं लागलं, दुसऱ्यांदा नाही. वेल्डनंतर दाराच्या तोंडाला पुन्हा फेसिंग मारून दिलं, कारण उष्णतेने तोंड वाकतं. ओ-रिंगच्या खोबणीत लेथचे गोल गोल माग आहेत. ते चालतात, रिंगच्या दिशेनेच जातात. आडवा एक ओरखडा असता तर तोच गळतीचा रस्ता झाला असता. भिंगाने पूर्ण फेरी बघितली, एकही नाही. हेलियम लावल्यावर नळकांड्याची एकही जोडणी बोलली नाही.

पट्टीच्या बाहेरच्या कडांना ४५ अंशांचे चॅम्फर मारलेत, तिथे थोडी नाराजी आहे. टार्गेट ३० हजार व्होल्टवर ठेवायचं असेल, तर चॅम्फरच्या दोन्ही टोकांना धार राहते आणि ठिणगी तिथूनच सुटते. कडा अर्धा ते एक मिलिमीटर गोलाईच्या हव्यात. ‘ब्रेक शार्प एजेस’ एवढं लिहिलं की इथे चॅम्फर मिळतो; गोलाई हवी असेल तर गोलाईचा आकडा लिहा.

टार्गेटचा माल कुठून

संच कितीही चांगला असला तरी त्यात काय घालणार हे त्याच गावात मिळायला हवं, आणि कोल्हापूर याबाबतीत भाग्यवान आहे.

सोनं गुजरीत, चांदी हुपरीत. पण दागिन्याचं सोनं नको आणि डाग (सांध्याचा मिश्रधातू) दिलेला कुठलाही तुकडा नको. डागातलं कॅडमियम किंवा झिंक लेझरखाली सगळ्यांत आधी उडतं. ९९९ टंचाचं बिस्किट किंवा वळं घ्यायचं, समोर बसून पत्रा ओढून घ्यायचा. ओढण्याआधी रोलर स्पिरिटने पुसायला सांगा. आदल्या गिऱ्हाइकाचं तांबं आणि तेल रोलरवर असतंच. तावताना टाकणखार वापरू नये. वापरलाच, तर त्यातलं सोडियम आणि बोरॉन पृष्ठभागावर राहतं आणि पहिल्या शंभर शॉट्समध्ये सोन्याआधी तेच दिसतं. २० मिमी व्यासाची, ०.१ मिमी जाडीची सोन्याची चकती म्हणजे ०.६ ग्रॅम. एवढी पातळ चकती एकटी बसत नाही, फुगते. तिच्यामागे त्याच मापाची सपाट तांब्याची चकती द्या. ठिपका लहान करून एका जागी मारत राहिलात तर सोन्याला भोक पडून तांब्याचे आयन येऊ लागतात, तेव्हा ठिपका सरकवत राहा. चांदीला जाडी परवडते: अर्ध्या मिलिमीटरची चकती १.६५ ग्रॅमची. ती लेझरचा १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश फार परतवते. ३० अंशांतून आलेला लेझर पलीकडे ३० अंशांतून बाहेर जाईल, त्या वाटेवर बीम अडवणारा ठोकळा हवा. चारशेच्या पेपरने चांदी आधी खरवडली की पहिले शॉट वाया जात नाहीत.

लोखंडाची गोष्ट वेगळी. गावात बीड पोत्याने मिळतं म्हणून बिडाची चकती कापून घ्यायचा मोह होतो. करू नका. त्यातला कार्बन वजनाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो, पण कार्बनचा अणू हलका, म्हणून अणूंच्या संख्येने तो १४ टक्क्यांच्या घरात जातो. लोखंडाच्या बीममध्ये कार्बनही येईल. कमी कार्बनचा मऊ पत्रा घ्या आणि त्याचा उरलेला तुकडा फाउंड्रीच्या स्पेक्ट्रोमीटरवर जाळून रिपोर्ट घ्या. फाउंड्र्यांच्या या गावात ही तपासणी हाकेच्या अंतरावर होते, हे मोठं सुख आहे. मुख्य चकती जाळायला देऊ नका, तिच्यावर खड्डा पडतो. अॅल्युमिनियम ११०० ग्रेडचं. ६०६१ घेतलं तर मॅग्नेशियम आणि सिलिकॉन सोबत येणार.

ग्रॅफाइटसाठी शिरोलीच्या टूल रूमकडे बघा. ईडीएमच्या, म्हणजे ठिणगीने धातू कोरणाऱ्या यंत्राच्या, इलेक्ट्रोडचं ग्रॅफाइट बारीक कणांचं, घट्ट असतं आणि टार्गेट म्हणून उत्तम चालतं. दोन अटी: तांबं मुरवलेला ग्रेड नको, आणि वापरलेला ठोकळा फुकट मिळाला तरी नको. तो डायइलेक्ट्रिक तेल प्यालेला असतो, ते तेल महिनाभर पंप केलं तरी निघत राहील. नव्या चकतीलाही ओव्हनमध्ये २०० अंशांवर रात्रभर ठेवा आणि कोमट असतानाच लोड-लॉकमध्ये घाला. ग्रॅफाइट थंड होताना हवेतलं पाणी परत ओढतं.

ऑक्साइडच्या गोळ्या दाबायच्या असतील, तर २० मिमीच्या डायमध्ये ८ टन म्हणजे सुमारे २५० मेगापास्कल दाब, आणि नंतर भट्टीत सिंटर केल्याशिवाय, म्हणजे तापवून घट्ट केल्याशिवाय, आत नाही. कच्ची गोळी झटक्याने पंप केली की आतल्या हवेने तडकते, आणि तिची पूड गेट व्हॉल्व्हच्या सीलवर जाऊन बसते. मग व्हॉल्व्ह बंद होऊनही बंद होत नाही. लिथियम किंवा कॅल्शियम हवेत काळवंडतं. त्यासाठी लोड-लॉकच्या दाराला आर्गनची ग्लोव्ह बॅग जोडता यायला हवी. या संचाच्या दाराला तशी कॉलर नाही. पुढच्या वेळी मागून घेण्यासारखी गोष्ट.

रोजच्या वापरात

अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत २०१४ पासून ‘लायन’ नावाचा लेझर आयन सोर्स चालतो. तिथे वेगवेगळी टार्गेट एकाच चेंबरमध्ये मांडून, आयनची जात काही सेकंदांत बदलतात. चार खणांची पट्टी त्याच विचाराची छोटी आवृत्ती. एक धोका मात्र पट्टीत येतोच: शेजाऱ्याची धूळ. सोन्यावर शॉट मारला की उडालेलं सोनं शेजारच्या अॅल्युमिनियमवर बसतं. शॉपने दिलेला १ मिमीचा काठ थोडं अडवतो, पूर्ण नाही. पट्टीसमोर एकच भोक असलेला पातळ टँटलमचा किंवा स्टेनलेसचा पडदा लावावा, आणि हलक्या-जड धातूंचे खण शेजारी ठेवू नयेत.

टार्गेट बदलताना हात या क्रमाने चालतात. लेझरचा शटर बंद आणि किल्ली खिशात. हाय व्होल्टेज बंद, अर्थिंगची काठी टार्गेटला टेकवून तशीच अडकवलेली. मग रॉडने पट्टी ओढून लोड-लॉकमध्ये, गेट व्हॉल्व्ह बंद, आणि तो बंद झाल्याची खूण बघूनच पुढे. लोड-लॉकचा पंप तोडा, कोरडा नायट्रोजन सुईच्या व्हॉल्व्हने पाचेक मिनिटांत भरा. एकदम सोडला तर चकत्यांवरची पूड सगळीकडे उडते. दार उघडं दहा मिनिटांच्या वर नको, आणि उघडं असेपर्यंत नायट्रोजन बारीक चालू. टोपी घट्ट केल्यावर पट्टी कानाशी धरून हलवा: स्प्रिंग नीट बसली असेल तर आवाज येत नाही. दार लावून पहिला पंप हळू, ०.१ मिलिबारपर्यंत, मग टर्बो, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा पंप.

घाई इथे महागात पडते. लोड-लॉक हजारांश मिलिबारवर असताना गेट उघडलं, तर १.२ लीटरमधली तेवढीच हवा २० लीटरच्या मुख्य चेंबरला ‘मायनस सहा’वरून (म्हणजे दहाचा उणे सहावा घात मिलिबार) ‘मायनस पाच’च्या वरच्या घरात नेते. हवा टर्बो लगेच ओढून घेतो. हवेबरोबर आलेलं पाणी तासन्‌तास भिंतींवर राहतं. म्हणून लोड-लॉक ‘मायनस पाच’ला आल्याशिवाय गेट उघडू नये. उन्हाळ्यात हे या संचात पाऊण तासात होतं. जुलैमध्ये, पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पडतं त्या दिवसांत, त्याला दुप्पट वेळ धरा, आणि दाराची ओ-रिंग प्रत्येक वेळी कोरड्या कापडाने पुसा. पावसाळ्यातच कळतं की लोड-लॉकवर केलेला खर्च कशासाठी होता: मुख्य चेंबर उघडावं लागलं तर पुन्हा ‘मायनस सहा’ यायला दिवस जातो. वीज गेल्यावर रोटरी पंपाचं तेल मागे ओढलं जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी आपोआप मिटणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवाच. तो संचात नाही, वेगळा घ्यावा लागतो.

नवीन टार्गेटवर पहिले शॉट कमी शक्तीचे. ८ नॅनोसेकंदात ५०० मिलिज्यूल देणारा लेझर ५ मिमीच्या ठिपक्यावर चौरस सेंटीमीटरला ३२ कोटी वॉट टाकतो. एवढ्यात ऑक्साइड आणि बोटांचे मागे राहिलेले डाग निघतात. तोच ठिपका ०.२ मिमीवर आणला की घनता २० हजार कोटींवर जाते, जास्त इलेक्ट्रॉन गमावलेले आयन मिळतात, पण प्रत्येक शॉटला खड्डा पडतो आणि पुढच्या शॉटला ताजी जागा द्यावी लागते. खड्ड्याच्या भिंती प्लाझ्माला तिरकं फेकतात. १६ मिमीच्या तोंडात किती ताजे ठिपके बसतील हे आधी मोजूनच चकत्या आणा.

सेवेबद्दल. बरीचा खण परत दिला तर दुसऱ्या दिवशी काम करून मिळालं, वर कारणही नीट ऐकून घेतलं आणि पुढच्या पट्टीला चॅम्फर आधी, बैठक नंतर असा क्रम लावला. म्हणजे बर उभी राहिलीच तर बैठक काढताना ती आपोआप कापली जाते. हा बदल ड्रॉइंगवर नव्हता, मिस्त्रींनी स्वतः सुचवला. दर नगावर ठरतो आणि टॉलरन्स जितका घट्ट तितका चढतो. म्हणून दोन शतांशांची अट फक्त बैठकींना द्या, पट्टीच्या बाहेरच्या मापांना दोन दशांश पुरतात. वेळ मात्र दिवाळीच्या आधी आणि आर्थिक वर्षाच्या अखेरीस मागू नका, तेव्हा ऑटोच्या ऑर्डरी पुढे असतात.

पट्टीबरोबर आणखी एक गोष्ट करून घ्यायलाच हवी: २० मिमीची, आरशासारखी घासलेली स्टेनलेसची चकती. ती खणात बसवून ड्रिफ्टच्या अक्षावरून लाल पॉइंटरचा किरण टाका आणि परत येणारा ठिपका दोन मीटरवर कागदावर बघा. बैठक एक मिलिरेडियन कलली असेल तर ठिपका ४ मिमी सरकलेला दिसतो, आणि बीम काढण्याआधीच चूक हाती लागते. चारही खणांत आळीपाळीने घालून चार ठिपके कागदावर पेन्सिलीने नोंदवा. या पट्टीत तीन खणांचे ठिपके पाच मिलिमीटरच्या वर्तुळात येतात. बर काढल्यानंतर चौथ्याचाही तिथेच येतो. कागदावर तारीख घालून तो पट्टीच्या डब्यातच ठेवा, पुढच्या वेळी पट्टी पडली किंवा टोपी वाकली तर ताडून बघायला तोच कागद लागतो.